सुरगाण्याचे मेण, मालेगावचा उन्हाळा : टाचांच्या क्रीममधील पायस फुटण्याचे एक प्रकरण

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात टाचांच्या भेगांवर लावण्याची क्रीम तयार होते. त्या क्रीमचे एक वर्ष कसे गेले, त्याची ही नोंद आहे. कारखाना, त्याच्या मालकीणबाई आणि मेण पुरवणारी माणसे यांची नावे मी येथे देत नाही, कारण नोंदीचा हेतू कोणाकडे बोट दाखवण्याचा नाही. मेण हा दिसायला साधा पदार्थ पायसात, म्हणजे तेल-पाण्याच्या ज्या एकजीव मिश्रणाला आपण व्यवहारात इमल्शन म्हणतो त्यात, दोन अगदी वेगळी कामे करतो. ती दोन्ही एकच समजली की किती गोंधळ होतो, हे मला नोंदवून ठेवायचे आहे.

क्रीमचे गिऱ्हाईक कोण आहे, ते आधी सांगितले पाहिजे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यातील द्राक्षबागांत छाटणी, विरळणी आणि घड बुडवण्याची कामे मुख्यतः बायका करतात. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून मजुरीसाठी येणारी कुटुंबे हंगामभर ओल्या मातीत उभी असतात आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या टाचा रक्त येईपर्यंत फुटतात. मालकीणबाईंना कारखान्यात सगळे ‘ताई’ म्हणतात आणि मीही त्यांना तसेच म्हणतो. ताईंच्या आईने मेण आणि तिळाचे तेल एकत्र वितळवून केलेला लेप या बायकांना वर्षानुवर्षे वाटला होता. आयुर्वेदात ज्याला सिक्थतैल म्हणतात, तोच तो लेप. त्यात पाणी नव्हते, त्यामुळे तो फुटण्याचा प्रश्नही नव्हता, परंतु तो चिकट होता आणि त्याला धूळ फार बसत असे. ताईंनी त्याची क्रीम केली आणि पाणी आत येताच हा सगळा विषय सुरू झाला.

मूळ सूत्र शंभर भागांत असे होते : मधमाशीचे मेण १६, लिक्विड पॅराफिन ४३, तिळाचे तेल ८, बोरॅक्स (टाकणखार) १, पाणी ३१.५ आणि परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) ०.५. ही जुन्या पद्धतीची कोल्ड क्रीम आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर असलेल्या मलमात मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी होते. बोरॅक्स त्यात बऱ्याच नंतरच्या काळात आला आणि त्याने ते मलम खऱ्या अर्थाने टिकाऊ केले. या सूत्राने ताईंची क्रीम काही वर्षे विनातक्रार चालली. त्या काळात मेण मुंबईच्या व्यापाऱ्याकडून येत असे आणि ते मेलिफेरा जातीच्या, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीचे होते.

मग एका दिवाळीच्या आधी ताईंनी मेण बदलले. ज्या बायकांसाठी क्रीम करायची त्यांच्याच गावांतील मेण घ्यावे, हा त्यामागील विचार मला मनापासून आदरणीय वाटतो. सुरगाणा भागातील जंगलात आग्या मोहोळाची पोळी काढून मध गाळला जातो आणि उरलेली पोळी पाण्यात उकळून वर तरंगणारे मेण गोळा केले जाते. त्याला भाव मिळत नसल्यामुळे बरेचसे कवडीमोलाने जाते. ताईंनी ते योग्य भावाने घेतले, पुन्हा वितळवून गाळले आणि सूत्र न बदलता त्याचीच बॅच टाकली.

पहिल्याच बॅचला क्रीम पातळ झाली. श्यानता, म्हणजे दाटपणा, मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरवरील आकडा नेहमीच्या मर्यादेच्या बराच खाली आला. कारखान्यातील तंत्रज्ञाने जे केले, ते बहुतेकांनी केले असते. श्यानता कमी पडली म्हणजे मेण कमी पडले, असे समजून त्याने लिक्विड पॅराफिनचे ४ भाग काढून तेवढे ५८-६० अंशांना वितळणारे पॅराफिन मेण घातले. आकडा जागेवर आला, बॅच मंजूर झाली आणि माल बाजारात गेला.

जानेवारीत निफाडकडून तक्रार आली की क्रीममध्ये बोट शिरत नाही आणि डबीच्या कडेला पांढरी कचकच येते. निफाडच्या थंडीची कल्पना नाशिककरांना आहेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत ५ अंशांच्या खालचे तापमान नोंदले जाते. एप्रिलमध्ये नेमकी उलट तक्रार मालेगावहून आली. तेथे पारा ४२ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखालील दुकानात त्याहून अधिक उष्णता असते. त्या डब्यांत वर पिवळे तेल, तळाशी पाणी आणि मधे सैल गाळासारखी क्रीम होती. एकच बॅच एकाच जिल्ह्यात थंडीत दगड झाली आणि उन्हात फुटली. ताईंनी दोन्ही प्रकारच्या डब्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “सर, आकडा तर बरोबर होता. मग हे कसं झालं?”

माझा पहिला संशय

मला लगेच भेसळीचा संशय आला आणि मी तो बोलूनही दाखवला. मधमाशीच्या मेणात पॅराफिन मिसळणे ही फार जुनी भेसळ आहे. मेणाचा आम्लांक काढला. १ ग्रॅम मेणातील मुक्त आम्ले उदासीन करण्यासाठी जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, तो आम्लांक. मेलिफेराच्या मेणात तो साधारण १७ ते २४ असतो. ताईंकडे जुन्या मेणाची एक वडी शिल्लक होती, तिचा १९ आला. सुरगाण्याच्या मेणाचा ७ आला. पॅराफिनमध्ये मुक्त आम्ल नसतेच, त्यामुळे भेसळीने आम्लांक घसरतो. माझ्या मते प्रश्न तेथेच मिटला होता आणि मी ताईंना तसे सांगितले. त्या गप्प बसल्या. नंतर म्हणाल्या की ती माणसे पोळे समोर उकळून देतात, पॅराफिनची वडी त्या गावात कोणी पाहिलेलीही नाही.

त्यांच्या या वाक्यामुळे मी पुढची चाचणी केली, एरवी कदाचित केली नसती. मेण अल्कोहोलमधील पोटॅशच्या द्रावणात दोन तास उकळले की त्यातील एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जुळून झालेली संयुगे) आणि आम्ले यांचे साबणीकरण होते, म्हणजे त्यांचा साबण होतो. पॅराफिनवर मात्र पोटॅशचा काही परिणाम होत नाही. मग ते द्रावण ८० अंशांच्या पाण्यात धरून हळूहळू थंड करत न्यायचे. शुद्ध मेणात ६५ अंशांपर्यंत साका, म्हणजे गढूळपणा, दिसत नाही, पॅराफिन असेल तर तो त्याआधीच दिसतो. सुरगाण्याच्या मेणात साका दिसला नाही. एस्टरांक, म्हणजे १ ग्रॅम मेणातील एस्टरांना लागणारे मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, काढला, तर तो आम्लांकाच्या दहापटीहून अधिक निघाला. मेलिफेराच्या मेणात हे गुणोत्तर सुमारे ३.३ ते ४.३ असते.

येथे माझ्या तर्कातील चूक उघड झाली. पॅराफिनची भेसळ आम्ल आणि एस्टर या दोघांनाही सारखेच पातळ करते. दुधात पाणी घातले तर साय आणि साखर दोन्ही एकाच प्रमाणात घटतात, त्यातले हे आहे. अशा भेसळीत दोन्ही आकडे खाली येतात, पण त्यांचे गुणोत्तर फारसे हलत नाही. आमच्या मेणात मात्र एस्टर भरपूर होते आणि केवळ आम्ल कमी होते. याला भेसळ म्हणता येत नाही, हा त्या माशीचाच स्वभाव आहे. आग्या, सातेरी आणि फुलोरी या आपल्याकडील माश्यांच्या मेणाचा आम्लांक मुळातच कमी, बहुतेक वेळा १० च्या आसपास किंवा त्याहून खाली असतो. परदेशी व्यापारात या मेणाला ‘घेड्डा’ हे वेगळे नाव त्यामुळेच आहे. पुण्याच्या केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्थेने भारतीय मेणांच्या गुणधर्मांचा अभ्यास केलेला आहे, म्हणजे ही माहिती आपल्या दाराशीच होती. मी युरोपीय माशीचे प्रमाण हातात घेऊन सह्याद्रीतील माशीचे मेण तपासले आणि प्रामाणिक माणसांवर संशय घेतला. ताईंपुढे मी तो मागे घेतला आणि ज्यांनी मेण दिले त्यांच्यापर्यंत ते पोहोचवावे, अशी विनंती केली.

मेणाची दोन कामे

मेण शुद्ध असूनही क्रीम का फुटली, हे समजण्यासाठी मेणाच्या आत डोकवावे लागते. मधमाशीच्या मेणात सर्वांत मोठा भाग लांब साखळीच्या एस्टरांचा असतो, त्याखालोखाल हायड्रोकार्बन आणि मुक्त आम्ले असतात. मुक्त आम्लांपैकी सेरोटिक आम्ल महत्त्वाचे आहे आणि त्याच्या साखळीत २६ कार्बन असतात. बोरॅक्सचे गरम द्रावण वितळलेल्या मेणात पडले की ही आम्ले सोडियमशी संयोग पावतात आणि जागच्या जागी साबण तयार होतो. तो पाण्याच्या प्रत्येक थेंबाभोवती पटल धरतो. पायस टिकवण्याचे काम मेणाचा हा लहानसा आम्लभाग करतो.

एस्टर आणि हायड्रोकार्बन यांचे काम निराळे आहे. या सूत्रात पाणी एकतृतीयांशाहून कमी असल्याने पायस ‘तेलात पाणी’ या प्रकारचे होते, म्हणजे तेल बाहेर आणि थेंब पाण्याचे. मेण बाहेरच्या तेलात विरघळलेले असते आणि क्रीम थंड होताना त्याचे सूक्ष्म स्फटिक होऊन त्यांची जाळी विणली जाते. श्यानता मुख्यतः या जाळीची असते. पाण्याचे थेंब तेलापेक्षा जड असल्यामुळे खाली जाऊ पाहतात. त्यांचा वेग स्टोक्सने १८५१ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि बाहेरच्या द्रवाच्या श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाळी पुरेशी बळकट असेल तर थेंब जागचे हलतच नाहीत. मेण जर पाण्यातील तेलाच्या थेंबांत, म्हणजे उलट प्रकारच्या पायसात असेल, तर त्याचे स्फटिक थेंबांच्या आत कोंडलेले राहतात, बाहेर जाळी होत नाही आणि श्यानतेवर त्यांचा परिणाम तुलनेने थोडा होतो. उलट कधी कधी ते थेंबाच्या पटलातून टोकासारखे बाहेर येऊन शेजारच्या थेंबात रुततात आणि दोन थेंब जोडले जातात. म्हणून ‘मेण घातले की क्रीम घट्ट आणि टिकाऊ होते’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. मेण कोणत्या बाजूला आहे, हे आधी विचारले पाहिजे.

तिसरे एक कामही आहे. काही स्फटिक थेंबाच्या पृष्ठभागावरच चिकटून राहतात आणि त्याला चिलखत देतात. घन कणांनी पायस टिकते हे पिकरिंगने १९०७ साली दाखवले होते. या प्रकरणात या कामाचा वाटा किती होता, हे मला वेगळे काढता आले नाही, म्हणून त्यावर मी निष्कर्ष उभा करत नाही.

आता हिशेब करून पाहू. बोरॅक्सचा रेणुभार सुमारे ३८१ आणि त्याचा एक रेणू आम्लाचे दोन रेणू उदासीन करतो. १९ आम्लांकाच्या १ ग्रॅम मेणाला त्यामुळे साधारण ६५ मिलिग्रॅम बोरॅक्स लागते. १६ ग्रॅम मेणाला ते १ ग्रॅमच्या किंचित वर जाते, म्हणजे मूळ सूत्र अगदी नेमके बेतलेले होते. ७ आम्लांकाच्या मेणाला मात्र दर ग्रॅमला सुमारे २४ मिलिग्रॅम, म्हणजे १६ ग्रॅमला ०.३८ ग्रॅमच पुरते. उरलेले ०.६ ग्रॅमहून अधिक बोरॅक्स कामाविना पाण्यात पडून राहिले. साबण तर पूर्वीच्या जेमतेम ३७ टक्के झाला.

या एका हिशेबातून तक्रारींपैकी बराच भाग उलगडला. साबण कमी म्हणून पाण्याचे थेंब मोठे आणि लहान-मोठे झाले, ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत होते. मोठ्या थेंबांमुळे क्रीम पातळ वाटली, कारण तेवढेच पाणी बारीक थेंबांत वाटले गेले असते तर श्यानता अधिक आली असती. कडेची कचकच तपासायला सोपी होती. मेणाचा कण तळहातावर चोळला की मऊ होतो. हे कण मऊ होत नव्हते, पण कोमट पाण्यात विरघळत होते. त्या द्रावणात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हळदीचा कागद बुडवून वाळवला, तो तांबूस झाला आणि अमोनिया लावताच हिरवट काळा पडला. बोरॉनची ही जुनी आणि भरवशाची खूण आहे. झाकण सैल बसलेल्या डब्यांत कडेचे पाणी वाळत गेले आणि शिल्लक बोरॅक्स तेथे स्फटिकरूपाने उरले.

या कचकचीची मला घट्टपणाच्या तक्रारीपेक्षा अधिक काळजी वाटली. फुटलेल्या, रक्त येणाऱ्या टाचेवर बोरेट लावणे योग्य नाही, कारण अखंड त्वचेतून ते फारसे आत जात नाही, परंतु जखमेतून जाते. युरोपात सौंदर्यप्रसाधनांतील बोरेटांवर आता कडक निर्बंध आहेत. भेगांसाठीच असलेल्या क्रीममध्ये गरजेपेक्षा अडीचपट बोरॅक्स जात होते, ही गोष्ट श्यानतेच्या कोणत्याही आकड्यापेक्षा गंभीर आहे, असे मी ताईंना त्याच दिवशी सांगितले. त्यांनी उरलेला माल परत मागवला.

आकडा जुळला, पण कशाने?

पॅराफिन मेणाचे चार भाग घालून काय झाले, याकडे येतो. या प्रकरणाचा गाभा मला येथे दिसतो. साबण कमी पडल्याने घटलेली श्यानता स्फटिक वाढवून भरून काढली गेली. व्हिस्कोमीटर २५ अंशांवर एक आकडा देतो, तो कोठून आला हे सांगत नाही. बारीक थेंबांच्या दाटीने आलेली श्यानता आणि मेणाच्या जाळीने आलेली श्यानता २५ अंशांवर सारखी दिसू शकते, पण तापमान बदलले की दोघी वेगवेगळ्या वागतात. थेंबांची दाटी तापमानाने तुलनेने कमी बदलते. मेणाची जाळी मात्र थंडीत झपाट्याने वाढते, कारण विरघळलेले आणखी मेण स्फटिक होऊन बाहेर पडते, आणि उष्णतेत तितक्याच झपाट्याने विरते.

‘मेण ६२ अंशांना वितळते, मग ४५ अंशांना क्रीम का बिघडावी?’ हा प्रश्न तंत्रज्ञाने विचारला होता आणि तो रास्त आहे. ६२ ते ६४ अंश हा सुट्या मेणाचा वितळबिंदू झाला. तेलात असलेले मेण वितळण्याची वाट पाहत नाही, ते तेलात विरघळते आणि जसजसे तापमान चढते तसतसे अधिक विरघळते. ४५ अंशांना जाळीचा बराच भाग नाहीसा झालेला असतो. अशा वेळी थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवायला फक्त साबणाचे पटल उरते आणि आपल्याकडे ते एकतृतीयांशाच्या थोडे वर होते. मालेगावात जाळी गेली, पटल पुरले नाही, थेंब एकमेकांत मिसळून मोठे झाले, खाली बसले आणि तेल वर आले.

पॅराफिनचा आणखी एक अवगुण येथे भोवला. त्याचे स्फटिक मोठे आणि पातळ पत्र्यांसारखे असतात. मधमाशीच्या मेणाचे त्यापेक्षा बारीक असतात आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे तर नावाप्रमाणेच अतिशय सूक्ष्म असतात. मोठ्या पत्र्यांची जाळी कडक असते, पण तेल धरून ठेवत नाही, त्यामुळे क्रीमला जणू घाम फुटतो. शिवाय ती एकदा बोटाने मोडली की पुन्हा नीट जुळत नाही. थंड करण्याच्या वेगानेही स्फटिकाचा आकार बदलतो. घरी कढवलेले तूप सावकाश निवू दिले की रवाळ होते, तोच नियम येथे लागू आहे. ताईंच्या टाकीचे जॅकेट, म्हणजे तिच्याभोवतीचे पाण्याचे कवच, जानेवारीच्या पहाटे अतिशय थंड पाण्याने भरले जाई. टाकीच्या भिंतीला मेणाचा थर लगेच गोठे आणि मधला भाग तासन् तास कोमट राही. एकाच बॅचच्या पहिल्या आणि शेवटच्या डब्यांत फरक का पडत होता, त्याचे उत्तर बहुधा येथेच होते.

दुरुस्तीचे प्रयोग

पहिल्या प्रयोगात पॅराफिन काढून टाकले आणि बोरॅक्स ०.३८ वर आणले. कचकच गेली, सामू (पीएच) खाली आला, पण ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये क्रीम पुन्हा फुटली. हे अपेक्षितच होते, कारण जास्तीचे बोरॅक्स काढल्याने साबण वाढत नाही.

दुसऱ्या प्रयोगात कमी पडलेले आम्ल बाहेरून भरून पाहिले. हिशेबाने सुमारे १ ग्रॅम स्टिअरिक आम्ल पुरेसे होते, म्हणून तेवढे घालून बोरॅक्स पुन्हा १ केले. क्रीम शुभ्र आणि मऊ झाली व सगळ्यांना आवडली. मला ती शंकास्पद वाटली. तिचा थेंब पाण्यात टाकला तर तो विरघळल्यासारखा पसरला, पूर्वीची क्रीम पाण्यावर गोळीसारखी तरंगत असे. मल्टीमीटरची दोन टोके क्रीममध्ये खुपसली तेव्हा वीज वाहत असल्याचे दिसले, म्हणजे पाणी बाहेरच्या बाजूला आले होते. सोडियम स्टिअरेट हा १८ कार्बनचा साबण सेरोटिक साबणापेक्षा पाण्याकडे अधिक ओढ घेतो आणि त्याने पायसाची बाजूच पालटली होती. सायीचे घुसळून लोणी होताना जे पालटणे घडते, त्याच्या हे उलट. अशी क्रीम दिसायला चांगली असली तरी चिखलात काम करणाऱ्या पायावरून लगेच धुऊन जाईल. शिवाय बोरॅक्स तितकेच राहिले होते. हा मार्ग सोडला.

तिसऱ्या प्रयोगात मेणाकडून पायस टिकवण्याचे काम काढूनच घेतले. सॉर्बिटन सेस्क्विओलिएट हे ‘तेलात पाणी’ प्रकाराला अनुकूल पायसीकारक, म्हणजे पायस टिकवणारे द्रव्य, ३ भाग घेतले. पाण्यात ०.७ भाग मॅग्नेशियम सल्फेट घातले, त्याने पाण्याचे थेंब अधिक स्थिर राहतात. बोरॅक्स पूर्ण वगळले. थेंबांभोवतीचे पटल आता मेणाच्या आम्लांकावर अवलंबून नसल्यामुळे मेण कमी करता आले आणि पाणी वाढवता आले. अंतिम सूत्र असे ठरले : सुरगाण्याचे मेण ७, मायक्रोक्रिस्टलाइन मेण २, पायसीकारक ३, लिक्विड पॅराफिन २२, तिळाचे तेल ८, ग्लिसरिन ४, मॅग्नेशियम सल्फेट ०.७, परिरक्षक ०.८ आणि पाणी ५२.५.

पाणी वाढवले की क्रीम पातळ होईल, ही भीती कारखान्यात सर्वांना होती. झाले उलट. ‘तेलात पाणी’ पायसात पाणी म्हणजे थेंबांची संख्या, आणि निम्म्याहून अधिक जागा बारीक थेंबांनी व्यापली की ते एकमेकांना अडवतात व श्यानता चढते. घट्टपणाचा मोठा वाटा आता मेणाऐवजी थेंबांकडून आला, म्हणून निफाडच्या थंडीतही क्रीमचा दगड होण्याचे कारण उरले नाही. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन भाग उष्णतेत तेल धरून ठेवण्यासाठी आहेत. तेही काढून पाहिले होते, तेव्हा ४५ अंशांना डबीत वर तेलाची पातळ चकाकी दिसू लागली. पाणी वाढल्यामुळे बुरशी आणि जिवाणूंचा धोका वाढतो, म्हणून परिरक्षक वाढवले आणि सूक्ष्मजीव चाचणी बंधनकारक केली. ही गोष्ट लहान कारखान्यांत फार वेळा राहून जाते.

कृतीतही बदल केले. पाणी आणि तेल दोन्ही ७५ अंशांवर आणूनच एकत्र करायचे, थंड पाणी मेणात ओतायचे नाही, कारण थेंब होण्याआधीच मेण गोठते. पाणी बारीक धारेने आणि ढवळणे चालू ठेवून घालायचे. थंड करताना जॅकेटमध्ये साठवणीचे सामान्य तापमानाचे पाणी सोडायचे आणि भिंत खरवडणारे पाते चालू ठेवायचे. ४५ अंशांच्या खाली होमोजिनायझर, म्हणजे थेंब बारीक करणारे यंत्र, बंद करून केवळ संथ ढवळणे ठेवायचे, म्हणजे विणली जाणारी जाळी मोडत नाही.

मोजमापाची पद्धतही बदलली. पूर्वी श्यानता बॅच उतरल्यावर तासाभरात घेतली जाई. मेणाचे स्फटिक त्यानंतरही वाढत असतात, त्यामुळे तो आकडा क्रीमचा खरा स्वभाव सांगत नाही. आता तो २४ तासांनी आणि पुन्हा ७ दिवसांनी घेतात, आणि २५ अंशांबरोबर १० व ४० अंशांनाही घेतात. तीन तापमानांच्या आकड्यांतील उतार किती तीव्र आहे, यावरून घट्टपणा मेणाचा की थेंबांचा, हे बऱ्यापैकी ओळखता येते. हे आकडे कितीही चांगले आले तरी ते स्थैर्याचा दाखला नाहीत, म्हणून प्रत्येक बॅचची एक डबी ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये, एक शीतकपाटात आणि एक दर दिवसाला या दोन्हींत आलटून पालटून ठेवली जाते, शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिले जातात.

मेण अजूनही सुरगाण्याहूनच येते. नव्या सूत्रात आम्लांकाला पूर्वीचे महत्त्व नसले तरी प्रत्येक गोणीचा आम्लांक आणि एस्टरांक नोंदवहीत लिहिला जातो, कारण आग्याच्या मेणात कधी सातेरीचे मेण मिसळून येते आणि पोळी कठीण पाण्यात उकळली असतील तर मेणात कॅल्शियमचे साबण राहून जातात. गोळा करणाऱ्यांना शक्यतो साठवलेल्या पावसाच्या पाण्यात पोळी उकळण्यास सांगितले आहे.

नव्या सूत्राच्या डब्या एक उन्हाळा मालेगावच्या त्याच दुकानात राहिल्या आणि फुटल्या नाहीत. निफाडच्या बायकांकडून थंडीत एकच सूचना आली, की क्रीम बरी आहे, पण कोकमतेलासारखी भेगेत भरून राहत नाही. ताईंच्या मनात आता तिळाच्या तेलाऐवजी कोकमतेल घालण्याचा विचार आहे. ते ४० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे मालेगावच्या दुकानात दर दुपारी वितळणार आणि दर रात्री पुन्हा गोठणार, आणि अशा फेऱ्यांत ते रवाळ होते. तीन, पाच आणि आठ भागांच्या बॅचेस करून त्यांच्या डब्या ओव्हन आणि शीतकपाट यांच्यामध्ये फिरवणे सध्या चालू आहे. आठ भागांच्या डबीत सहाव्या फेरीनंतर बोटाला रवा लागू लागला आहे, तीन आणि पाच भागांच्या डब्या अद्याप गुळगुळीत आहेत.